एक ‘ळ’ पुरे

ताई,
मी सांगलीची, वय 27. एका डिझाइन स्टुडिओत चार वर्षं काम करते. लग्नपत्रिका, दवाखान्यांच्या पाट्या, निवडणुकीचे फ्लेक्स, अधूनमधून एखादं पुस्तक किंवा नाटक. अक्षरं काढायचं वेड लहानपणापासून आहे. पण येणारा प्रत्येक जण मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, “अस्संच पाहिजे.” दोन महिन्यांपूर्वी एका नाटकाचं शीर्षक करायला मिळालं. सामाईक विहिरीवरून दोन सख्ख्या भावांच्या घरांत फूट पडते, अशी गोष्ट. मी आठ दिवस झटले. निर्मात्यांनी बघितलं, “वाचता येत नाही” म्हणाले आणि दुसऱ्या नाटकाच्या पोस्टरचा फोटो पाठवला. जाड ब्रशची, खरखरीत अक्षरं. मी तसं करून दिलं. आता ते गावभर लागलंय आणि त्या रस्त्याने जायला नको वाटतं. नाकारलेल्या शीर्षकाचा फोटो सोबत जोडलाय. या धंद्यात स्वतःचं काही करता येतं का? की नोकरी सोडून फक्त मनासारखंच काम करावं?
अक्षरवेडी, सांगली

प्रिय अक्षरवेडी,

तुझ्या फोटोची प्रिंट काढली, भिंतीला चिकटवली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. मग जवळ गेले. मग पुन्हा लांब. दोन दिवस ते शीर्षक माझ्यासमोर आहे. पुढचं सगळं त्याच्याकडे बघतच लिहिते आहे.

आधी चांगलं सांगते. नाटकाचं नाव इथे देत नाही, पण त्यात एक ‘ळ’ आहे. ‘ळ’ला दोन पोटं असतात. तू एक काळं भरलंस आणि दुसरं रिकामं ठेवलंस. एका घरी पाणी, दुसऱ्या घरी कोरड. बस्स. ज्याला गोष्ट ठाऊक नाही त्याला एवढंच वाटेल की इथे काहीतरी कमी-जास्त आहे. आणि नाटक बघून बाहेर पडलेल्या माणसाला दाराशी तेच पोस्टर पुन्हा दिसलं, की त्याच्या पोटात तुटेल. शिवाय हा ‘ळ’ मराठीचा आहे. रोजच्या हिंदीत हे अक्षर नाही. दुसऱ्या भाषेतल्या पोस्टरवरून उचलून तुला तो सापडलाच नसता. हे तुझं आहे, आणि ते मौल्यवान आहे.

पण तू तिथे थांबली नाहीस. जमीन भेगाळलेली दाखवायची म्हणून शिरोरेघ चार ठिकाणी तोडलीस. काना दोरासारखा पिळलास. अनुस्वाराचा थेंब केलास. वेलांटी रहाटाच्या चाकासारखी गोल फिरवलीस. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर वाईट नाही. पण त्या शब्दात एक ‘घ’ आहे, आणि तू नेमकी त्याच्याच डोक्यावरची रेघ तोडलीस. आता पुन्हा बघ. त्याचा ‘ध’ झालाय. आपल्या लिपीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ या जोड्यांतला फरक मुख्यतः शिरोरेघेच्या त्या इवल्याशा तुकड्याचा. तिथे रेघ तुटली की शब्दच बदलतो. मला गोष्ट माहीत होती, नाव माहीत होतं, तरी लांबून मी अडखळले. रिक्षातून जाणारा माणूस कशाला थांबेल?

तेव्हा निर्माते “वाचता येत नाही” म्हणाले ते बरोबर होतं. त्यांनी पुढे जो उपाय केला तो चुकला. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेव. नाहीतर तू अशी समजूत करून घेशील की तुझ्यातली कल्पकता लोकांना झेपत नाही, आणि ती समजूत फार नुकसान करते. माझं केलंय.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका प्रकाशकांसाठी एका कादंबरीचं मुखपृष्ठ केलं. नाव उभं लिहिलं, एकाखाली एक अक्षर, वरपासून खालपर्यंत. मला ते अतिशय धाडसी वाटलं होतं. छापून आलं आणि मी पुस्तकांच्या दुकानात गेले. पुस्तकं टेबलावर एकमेकांवर सरकवून मांडलेली, प्रत्येकाचा फक्त वरचा भाग दिसत होता. माझ्या पुस्तकाचं पहिलं अक्षर तेवढं दिसत होतं. जे पुस्तक पूर्ण दिसत होतं तेही वाचता येत नव्हतं, कारण देवनागरी उभी रचली की शिरोरेघेची साखळीच तुटते. प्रत्येक अक्षर एकटं लोंबतं, खालच्याची मात्रा वरच्याच्या उकारात घुसते. त्या लेखकाचं ते पहिलं पुस्तक होतं. तो दुकानात माझ्या शेजारी उभा होता आणि काही बोलला नाही. धाडस माझं होतं आणि किंमत त्याने मोजली. त्यानंतर दुकानात उभं राहिल्याशिवाय मी कुठलंही मुखपृष्ठ हातावेगळं केलेलं नाही.

म्हणून जोखमीबद्दल माझं मत ठाम आहे. एका कामात एकच जागा निवडायची आणि तिथे मागे हटायचं नाही. बाकी सगळं इतकं पक्कं, इतकं ओळखीचं ठेवायचं की त्या एका जागेचं वजन त्याला पेलता आलं पाहिजे.

नाटकाचंच उदाहरण देते. 1972 च्या डिसेंबरात पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ पहिल्यांदा उभं राहिलं. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल. त्याच्या धाडसाबद्दल आपण इतकं ऐकलंय की त्यात ओळखीचं किती होतं हे विसरायला होतं. कीर्तन ओळखीचं, लावणी ओळखीची, अभंगाची चाल ओळखीची, पेशवाईतलं पुणं तर घरचंच. रंगमंचावर रांगेत उभी राहणारी, गाणारी, डोलणारी माणसं हाच पडदा, हीच भिंत. पण तशी रांग कोकणातल्या ‘खेळे’ या लोकनाट्यात लोक पिढ्यान्‌पिढ्या बघत आले होते. प्रेक्षकाला प्रत्येक तुकडा ठाऊक होता. सत्ता आपल्या सोयीसाठी क्रूर माणूस कसा घडवते, हे जे त्या तुकड्यांतून सांगितलं जात होतं ते मात्र कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. धाडस तिथे होतं. म्हणूनच ते झोंबलं. 19 प्रयोगांनंतर ते करणाऱ्या नाट्यसंस्थेतूनच विरोध होऊन नाटक थांबलं. नाटकातल्या मुलांनी मग थिएटर अकॅडमी ही वेगळी संस्था काढली आणि तेच नाटक पुन्हा उभं केलं. आता कल्पना कर की भाषा अनोळखी, संगीत अनोळखी, नेपथ्यही न कळणारं असतं. लोक बुचकळ्यात पडले असते आणि घरी गेले असते. रागवायलासुद्धा आधी कळावं लागतं.

तुझ्या शीर्षकात ‘ळ’ ही ती जागा आहे. शिरोरेघ अखंड ठेव, जाड ठेव. दोर, थेंब, चाक काढून टाक. काढताना जीव तुटेल. आठ दिवसांतले सहा दिवस त्यांच्यातच गेले असतील. वहीत जपून ठेव, दुसऱ्या कामात एखादं उगवेल.

आता “अस्संच पाहिजे” या वाक्याकडे येऊ. त्याचा तुला संताप येतो हे तुझ्या पत्रात प्रत्येक ओळीत दिसतं. पण तू सांगलीची आहेस, म्हणून सांगते. तुझ्याच गावात मराठी नाटक जन्मलं ते याच वाक्यातून. 1842 साली कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. सांगलीचे राजे श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी ते पाहिले आणि आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं की मराठीत असे खेळ करा. म्हणजे गिऱ्हाइकाने नमुना दाखवला आणि काम दिलं! विष्णुदासांनी तो साचा घेतला. गाऊन कथा पुढे नेणारा सूत्रधार राहिला, राक्षसांचा आरडाओरडाही राहिला. त्या आरोळीवरूनच ती नाटकं ‘अललडुर्र’ म्हणून ओळखली गेली. पण पदं त्यांनी स्वतः रचली, मराठी कानाला रुचतील अशी. 5 नोव्हेंबर 1843 ला ‘सीतास्वयंवर’ झालं. आजही तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्यांना कुणी वेगळं करा असं सांगितलं नव्हतं. सारखं करायला सांगितलं होतं, आणि ते मन लावून सारखं करायला बसले तेव्हा हातून वेगळं झालं.

1851 मध्ये राजे गेले आणि आश्रय सुटला. त्यानंतर विष्णुदास मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. खरी जोखीम मला ही वाटते. आता राजाच्या पसंतीवर भागणार नव्हतं, पैसे देऊन आलेल्या अनोळखी माणसाच्या पसंतीला उतरायचं होतं. आणि ती त्यांनी घेतली तेव्हा हातात आठ-नऊ वर्षांचा सराव होता.

तेव्हा पुढच्या खेपेला कुणी मोबाइल पुढे केला की तो हातात घे आणि विचार, “यातलं तुम्हाला नेमकं काय आवडलं?” उत्तर ऐकून तू चकित होशील. खरखरीत ब्रशचं पोस्टर दाखवणारा निर्माता बहुतेक वेळा ब्रशबद्दल बोलतच नाही. तो म्हणतो, “हे लांबून दिसतं.” किंवा “ते नाटक चाललं.” पहिलं उत्तर हे कामाचं आहे, ते तू तुझ्या पद्धतीने देऊ शकतेस. दुसरं उत्तर ही भीती आहे. त्याने दागिने गहाण ठेवून नाटक काढलेलं असू शकतं. त्या भीतीशी वाद घालू नकोस, तिला आधार दे. दोन रफ ने. एक त्याने दाखवलं त्या वळणाचं, आणि ते अगदी मनापासून केलेलं. मुद्दाम वाईट करून नेऊ नकोस. तो अप्रामाणिकपणा आहे, आणि तो दिसतो. दुसरं तुझं. दोन्ही वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या खऱ्या आकारात, वर्तमानपत्राच्याच कागदावर छापून ने. स्क्रीनवर दाखवू नकोस. मग त्याच्याच ऑफिसबाहेरच्या चहावाल्याला दोन्ही दोन-दोन सेकंद दाखव आणि विचार काय वाचलं. तुझं वाचलं गेलं तर तुला एक शब्दही बोलावा लागणार नाही. नाही गेलं तर घरी येऊन पुन्हा बसायचं.

बिलावर एक ओळ छापून घे: नाकारलेली रफ डिझाइनरकडे राहतील. एवढं पुरे आहे, पण ते लिहिलेलं हवं. स्टुडिओच्या कामाला ही ओळ चालणार नाही, मालकांशी आधी बोल. स्वतःच्या कामाला मात्र विसरू नकोस.

आणखी एक. तू कल्पना कुठे शोधतेस? पत्रात लिहिलं नाहीस, पण दोर, थेंब आणि चाक बघून मला वाटतं की फोनवर. फोनवर शोधलं की सगळ्यांना तेच मिळतं. मोफत फॉन्टही सगळ्यांकडे तेच. त्यातले कित्येक उत्तम आहेत. मुक्ता हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला फॉन्ट मी स्वतः बारीक मजकुराला वापरते, आणि सुलेखनकार र. कृ. जोशींचा मंगल तर आपल्या कॉम्प्युटरांवर कधीपासून घरच्यासारखा आहे. पण शीर्षक हाताने काढायचं. ऐतिहासिक म्हटलं की काना तलवारीचा आणि रफार भगव्या झेंड्याचा, गावाकडचं म्हटलं की खरखरीत ब्रश. हे आता इतकं झालंय की चार पोस्टरं शेजारी लावली तर कुठलं कुणाचं हे सांगता येत नाही.

तुझ्या गावात हळदीची बाजारपेठ आहे. तिथे जा. पोत्यांवर व्यापाऱ्यांचे मार्के असतात, पत्रा कापून केलेल्या साच्यातून रंग फासून उठवलेले. ती अक्षरं नीट बघ. साच्यात ‘व’ सरळ कापला तर त्याचं पोट गळून पडेल, म्हणून कापणारा मध्ये एक छोटा पूल सोडतो. ‘ळ’ला दोन सोडावे लागतात. शिरोरेघही मधेमधे तुटते. ती दिसायला छान म्हणून कुणी तोडलेली नसते, तिथे पत्रा धरून ठेवायला जागा हवी असते. आणि तरी ‘घ’ चा ‘ध’ होत नाही, कारण पोतं चुकीच्या गाडीत गेलं तर नुकसान आहे. तू तोडलेली शिरोरेघ आणि ही तोडलेली शिरोरेघ शेजारी ठेव. मी या पोत्यांवरून जेवढं शिकले तेवढं कुठल्या वर्गात शिकले नाही. ट्रकच्या मागच्या फळ्या, जुन्या पेठेतल्या रंगवलेल्या पाट्या, देवळातल्या देणगीदारांच्या फरशा. वही घेऊन जा. फोटो काढू नकोस, रेखाट. रेखाटताना हाताला कळतं की पेंटरने ब्रश कुठे उचलला.

आणि नाटकाचं काम असेल तर तालमीला जा. संहिता वाचल्याशिवाय, निदान एक तालीम मागे बसून बघितल्याशिवाय पेन्सिल हातात घेऊ नकोस. तुझा ‘ळ’ कुठून आला असेल हे मी ओळखू शकते. तू गोष्ट ऐकलीस आणि पाणी कुणाला आणि कुणाला नाही हा प्रश्न तुला लागला. बाकीच्या गोष्टी विहीर या शब्दावरून आल्या.

नोकरीचं. सोडू नकोस. निदान आत्ता नको. कमल शेडग्यांची (1935–2020) नाटकांची शीर्षकं तू पाहिली असशीलच, नसशील तर आजच शोध. नाटकाच्या नावालाही चेहरा असतो हे त्यांनी मराठी माणसाला दाखवलं. ते वर्तमानपत्राच्या कला विभागात नोकरीला होते, आणि ते काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. एक-दोन कॉलमांची काळी-पांढरी जाहिरात, खराब कागद, शाई फुटणार, फोटो छापला तर काळा डाग होणार. जागेचे पैसे सेंटिमीटरवर. त्या अडचणीतून नावालाच चित्र व्हावं लागलं. पगार चालू होता म्हणून घरची चूल एकेका शीर्षकावर अवलंबून नव्हती, असं मला नेहमी वाटतं. ज्याची चूल त्यावर असते त्याला ‘हो’ म्हणावं लागतं.

तुझ्या पगारातून तुला तेवढं स्वातंत्र्य विकत घ्यायचंय. दर रविवारी सकाळचे चार तास घे, आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्याकडे जा. महाविद्यालयीन एकांकिका करणारी मुलं शोध. 1963 पासून पुरुषोत्तम करंडक होतोय, त्याच्यासारख्या स्पर्धांसाठी मुलं रात्र-रात्र तालमी करतात आणि त्यांच्या पोस्टरकडे बघायला कुणाला वेळ नसतो. त्यांना सांग, पैसे घेणार नाही, पण शीर्षक मी म्हणेन ते. तिथे फसलीस तर कुणाचे दागिने जाणार नाहीत. वर्षाला पाच-सहा एकांकिका केल्यास तरी हातात दाखवायला पाच-सहा खरी पोस्टरं असतील, भिंतीवर लागलेली, लोकांनी वाचलेली. पुढच्या निर्मात्यासमोर तू नुसती कल्पना घेऊन बसणार नाहीस.

त्या रस्त्याने जायला नको वाटतं, असं तू लिहिलंस. जा. ते ब्रशचं पोस्टर तुझंच काम आहे. समोर उभी राहून बघ, लोक किती लांबून वाचतात ते मोज. नाटक अजून चालू असेल तर नवा रफ घेऊन निर्मात्यांकडे जा. शंभराव्या प्रयोगाला किंवा पावसाळ्यानंतरच्या नव्या दौऱ्याला जाहिरात पुन्हा काढतात. फक्त ‘ळ’, अखंड शिरोरेघ, काळा-पांढरा.

माझी एकच शंका उरली आहे, तिचं उत्तर तालमीत बसल्याशिवाय मिळणार नाही. तू ‘ळ’चं डावं पोट भरलंस. पण रंगमंचावर पाणी असलेल्या भावाचं घर कुठल्या बाजूला आहे? ते प्रेक्षकाच्या उजव्या हाताला असेल, तर बाजू बदल आणि मला पुन्हा पाठव.

तुझी,
ताई